युरोपचा कायदा द्राक्षाच्या घडापर्यंत कसा पोहोचतो

प्रश्न असा: युरोपियन युनियनचे कायदे त्यांच्या २७ देशांपुरते असतात. मग निफाड किंवा दिंडोरीच्या बागेत फळछाटणीनंतर (घड येण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास करतात ती छाटणी) कोणतं औषध मारायचं आणि कोणतं नाही, हे ते कायदे कसे ठरवतात? आणि एका प्रादेशिक गटाचा वचक जगभरच्या धंद्यावर बसतो, तो नेमका कुठल्या वाटेने?

आधी एक गैरसमज काढून टाकू. युरोपचा कायदा आपल्या बागायतदाराला काहीही सांगत नाही. त्यात फवारणीचं वेळापत्रक नाही आणि कोणतं औषध विकत घ्यायचं तेही नाही. तो फक्त रॉटरडॅमला माल उतरवून घेणाऱ्या आयातदाराला धरतो. आयातदार ती जबाबदारी निर्यातदाराकडे सरकवतो, निर्यातदार बागायतदाराकडे. प्रत्येक जण पुढे सरकवताना आपल्या सुरक्षिततेसाठी त्यात थोडी भर घालतो. त्यामुळे बागेत पोहोचेपर्यंत नियम मूळ कायद्यापेक्षा कडक झालेला असतो. एमआरएलचा, म्हणजे अवशेषांच्या कमाल मर्यादांचा, तक्ता पाठ असलेल्यांचे कंटेनरही अडकतात, ते बहुतेक वेळा याच कारणाने.

द्राक्षाचं उदाहरण मुद्दाम घेतो आहे. ही सगळी साखळी त्यात पहिल्या फवारणीपासून सुपरमार्केटच्या फळीपर्यंत सलग दिसते.

०.०१ हा आकडा

अन्नातल्या कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी युरोपचा मूळ कायदा म्हणजे नियमन ३९६/२००५. सप्टेंबर २००८ पासून सर्व सदस्य देशांना त्यातल्या एकाच मर्यादा लागू झाल्या. त्याआधी बऱ्याच औषधांसाठी जर्मनीची मर्यादा वेगळी, नेदरलँड्सची वेगळी, असं चालायचं. या नियमनाची खरी ताकद तक्त्यातल्या आकड्यांपेक्षा तक्त्यात नसलेल्या औषधांबद्दलच्या एका वाक्यात आहे. ज्या घटकाला त्या पिकासाठी स्वतंत्र मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो.

हा आकडा विषबाधेच्या हिशेबातून आलेला नाही. प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल अशी साधारण खालची पातळी एवढाच त्याचा अर्थ. व्यवहारात तो 'नसलाच पाहिजे' असा वाचायचा. ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. साधारण १३ टनांच्या कंटेनरमध्ये १३० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठापेक्षाही कमी.

बागेच्या भाषेत याचा परिणाम पाहण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. फवारणीनंतर मण्यावर २ मिलिग्रॅम प्रतिकिलो अवशेष आहे आणि दर ५ दिवसांनी तो निम्मा होतो असं धरा. मर्यादा ०.५ असेल तर दोनदा निम्मा झाला की काम झालं, १० दिवस पुरतात. मर्यादा ०.०१ असेल तर तो २०० पटीने कमी व्हायला हवा. म्हणजे साडेसातपेक्षा जास्त वेळा निम्मा, जवळजवळ ३८ दिवस. औषध तेच, मात्रा तीच, पण डब्यावर छापलेला काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) निरुपयोगी ठरला. तो कालावधी भारतातली मर्यादा धरून काढलेला असतो. युरोपने एखाद्या घटकाची मर्यादा ०.०१ वर आणली, तरी डब्यावरचा मजकूर काही बदलत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. मणी फुगत असताना अवशेष वजनात विरळ होत जातो. काढणी जवळ आली की मण्याचं वजन फारसं वाढत नाही, त्यामुळे तेव्हा मारलेलं औषध मुख्यतः विघटनानेच कमी होतं. काढणीच्या तोंडावरची फवारणी आधीच्या फवारण्यांपेक्षा महागात पडते, ती यामुळेही.

२०१० साली नेमकं काय चुकलं

भारताला पहिला धक्का २००३ मध्ये बसला. नेदरलँड्सला गेलेल्या द्राक्षांत मिथोमिल आणि अ‍ॅसिफेटचे अवशेष जास्त सापडले. त्यानंतर अपेडा (शेतमालाची निर्यात पाहणारी केंद्र सरकारची संस्था) आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी अवशेष नियंत्रणाची योजना उभी केली. बागेची नोंदणी, कृषी विभागाची तपासणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुना आणि मांजरीची प्रयोगशाळा राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून, असा तिचा सांगाडा. २००६ मध्ये ही साखळी ग्रेपनेट या ऑनलाइन नोंद व्यवस्थेवर आली आणि युरोपातल्या पेटीवरच्या क्रमांकावरून माल कोणत्या प्लॉटचा आहे इथपर्यंत जाता येऊ लागलं. भारतातल्या शेतमालाच्या निर्यातीत इतकी घट्ट माग काढण्याची सोय याआधी नव्हती.

एवढं असूनही २०१० च्या हंगामात माल अडकला. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागेतल्या भाषेत सीसीसी. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची, काडी तयार करणारी छाटणी) फुटीचा जोर आवरून काडीत घडनिर्मिती वाढावी म्हणून ते वापरलं जात होतं. युरोपची द्राक्षावरची मर्यादा तेव्हा ०.०५ होती. हा वापर फळाच्या कित्येक महिने आधीचा, म्हणून कोणाच्या डोक्यात शंका आली नाही. पण सीसीसी वेलीच्या लाकडात साठतं आणि पुढच्या बहरात मण्यात उतरतं.

मग इथल्या प्रयोगशाळांना ते दिसलं कसं नाही? तपासायच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. आणि नेहमीच्या बहुअवशेष चाचणीत ते आपोआप सापडण्यासारखंही नाही. सीसीसी पाण्यात अतिशय विरघळणारा, विद्युतभारित रेणू आहे. नमुन्याच्या एकाच अर्कातून शेकडो घटक पकडणाऱ्या पद्धतीतून तो निसटतो. त्याला स्वतंत्र पद्धत लावावी लागते. जर्मनीतल्या प्रयोगशाळा ती लावत होत्या. म्हणजे इथले अहवाल खोटे नव्हते, पण जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचं उत्तर त्यांत असणार कुठून?

आजही हाच धडा लागू पडतो. 'चारशे-पाचशे घटक तपासले, सगळं स्वच्छ' असा अहवाल हातात आला तरी ग्लायफोसेट, इथेफॉन, पॅराक्वाट, सीसीसी आणि फॉस्फॉनिक आम्ल त्यात धरलेत का, हे वेगळं विचारायचं. मॅन्कोझेबसारख्या डायथायोकार्बामेट गटाचंही तसंच. ते कार्बन डायसल्फाइडच्या रूपात स्वतंत्र मोजतात. अहवालाच्या शेवटच्या पानावर पद्धतींची नावं असतात. ते पान कोणी वाचत नाही, आणि नेमकं तेच वाचायला हवं.

जबाबदारी खाली कशी उतरते

युरोपचा सर्वसाधारण अन्नकायदा म्हणजे नियमन १७८/२००२. आपल्या दृष्टीने त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. आयात केलेलं अन्न युरोपच्या नियमांना उतरलंच पाहिजे. ते उतरतं याची खातरजमा करण्याची जबाबदारी अन्न व्यवसाय करणाऱ्याची, म्हणजे पहिल्यांदा आयातदाराची. आणि प्रत्येकाला आपल्याआधीचा एक आणि आपल्यानंतरचा एक दुवा दाखवता आला पाहिजे.

या तिसऱ्या कलमामुळे बागायतदाराची फवारणी-वही युरोपच्या कायद्याचा भाग बनते, जरी त्या कायद्यात फवारणी-वही हा शब्दही नाही. आयातदार म्हणतो, माझा आधीचा दुवा निर्यातदार, त्याने कागद द्यावा. निर्यातदार म्हणतो, माझा आधीचा दुवा बागायतदार.

माल पकडला गेला की सूचना युरोपच्या जलद इशारा व्यवस्थेत जाते आणि सर्व सदस्य देशांना एकदम दिसते. हॅम्बुर्गला सापडलेली चूक दुसऱ्या दिवशी अँटवर्पला माहीत असते. एखाद्या देशाच्या एखाद्या मालात वारंवार दोष निघाले, तर नियमन २०१९/१७९३ च्या यादीत त्याचं नाव चढतं आणि ठरावीक टक्के खेपा सीमेवर थांबवून तपासल्या जातात. ही यादी साधारण दर सहा महिन्यांनी तपासून बदलतात. भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्यावर २०२० च्या अखेरीस तिळाच्या अर्ध्या खेपा तपासायचं ठरलं. या तपासणीचा खर्च सरकार सोसत नाही, आयातदार सोसतो. मग दोष एका व्यापाऱ्याचा असला तरी भाव सगळ्यांचा पडतो, कारण आयातदार तपासणीचा आणि उशिराचा खर्च आधीच वजा करून भाव देतो.

द्राक्षात हे जास्त बोचतं. यातला बराच माल ठरलेल्या किमतीला विकून मोकळा होत नाही. किमान हमी रक्कम आणि बाकी विक्रीनंतर, असा व्यवहार असतो. युरोपात पेटी नाकारली गेली की तोटा उलटा प्रवास करत बागेपर्यंत येतो. रीफर (शीत) कंटेनर परत आणणं परवडत नाही, त्यामुळे तिथेच नष्ट करायचा आणि नष्ट करण्याचे पैसेही भरायचे. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. इतक्या उशिरा पोहोचलेल्या मालाची आधीच नरम झालेली देठं दाखवायची आणि त्यात अवशेषाचा वाद घालायचा, यात विकणाऱ्याची बाजू कायम पडती.

कायद्यापेक्षा सुपरमार्केट कडक

इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात. कायदेशीर मर्यादा ०.०१ असताना सरकारी प्रयोगशाळेला ०.०१८ सापडलं, तर? मोजमापात अनिश्चितता असते हे युरोपच्या अवशेष-चाचणीच्या मार्गदर्शक सूचना मान्य करतात आणि सरसकट ५० टक्के अनिश्चितता धरायला सांगतात. ०.०१८ मधून निम्मं वजा केलं की ०.००९ उरतं. ते मर्यादेच्या आत येतं आणि सरकारी कारवाई होत नाही. कायदा संशयाचा फायदा देतो.

सुपरमार्केट देत नाही. युरोपातल्या, विशेषतः जर्मनीतल्या साखळ्यांची स्वतःची मोजपट्टी असते: कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांश, निम्मं किंवा ७० टक्के, ज्याची त्याची वेगळी. त्यावर आणखी दोन अटी. सापडलेल्या प्रत्येक घटकाची आपापल्या मर्यादेशी टक्केवारी काढून बेरीज करायची आणि ती ठरावीक आकड्याच्या आत हवी. आणि एका नमुन्यात चार-पाचपेक्षा जास्त घटक नकोत.

घटकांच्या संख्येची ही अट शेतीशास्त्राला धरून नाही, हे स्पष्टच सांगतो. डावणी आणि भुरीची बुरशी एकाच गटाच्या औषधाला लवकर सरावते. म्हणून गट बदलत फवारा असं आपण सांगतो. गट बदलले की अहवालातल्या नावांची संख्या वाढते. चारच नावं दिसावीत म्हणून तेच ते औषध मारलं तर प्रतिकारशक्ती वाढते आणि पुढच्या वर्षी मात्रा वाढवावी लागते. ग्राहकाच्या आरोग्यासाठी बेरजेची अट समजू शकते. नावं मोजण्याची अट जाहिरातीसाठी आहे. पण माल त्यांना द्यायचा तर ती पाळावी लागते. त्यावर एकच व्यवहार्य उपाय: गट बदलण्याची हौस पहिल्या ६० दिवसांत भागवायची आणि शेवटच्या टप्प्यात गंधक, जैविक बुरशीनाशकं यांवर यायचं.

फक्त अवशेषच नाही. बिनबियांच्या द्राक्षाला युरोपचा विपणन दर्जा १४ ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) साखर मागतो आणि घडाचं किमान वजन ७५ ग्रॅम. मण्याच्या व्यासाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. १६ आणि १८ मिलिमीटरचं लोण बाजाराने आणलेलं आहे. त्या जाडीसाठी संजीवकांच्या (वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या) बुडवण्या आल्या, आणि संजीवकांमागून त्यांच्या अवशेषांचा प्रश्न आला. ग्लोबल गॅप प्रमाणपत्रही तसंच. ते कोणत्याही सरकारने सक्तीचं केलेलं नाही. १९९७ साली युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी युरेपगॅप म्हणून सुरू केलेली ही खासगी व्यवस्था २००७ मध्ये नाव बदलून जागतिक झाली. आज तिच्याशिवाय युरोपच्या साखळ्यांचं दार उघडत नाही.

बागेत आणि पॅकहाऊसमध्ये काय करायचं

हंगामाआधी मांजरी केंद्राची त्या वर्षीची यादी हातात घ्यायची. परिशिष्ट ५ मध्ये द्राक्षासाठी शिफारस असलेली औषधं, मात्रा, काढणीपूर्व कालावधी आणि युरोपची मर्यादा असते. परिशिष्ट ९ मध्ये तपासायच्या घटकांची यादी. गेल्या वर्षीची यादी भिंतीवर चिकटवून ठेवलेली असेल तर ती काढून टाका. यादीत नाव आहे, पण मर्यादेच्या रकान्यात ०.०१ दिसतंय, अशी औषधं वेगळ्या शाईने खुणावून ठेवा. ती वापरायचीच असतील तर फुलोऱ्याआधी, नाहीतर नाहीच.

बागेची नोंदणी दरवर्षी कृषी विभागाकडे. फवारणीची नोंद त्याच दिवशी: व्यापारी नाव नव्हे तर सक्रिय घटक, मात्रा, पाणी, तारीख आणि बॅच क्रमांक. बिल जपून ठेवायचं. अवशेष-नमुना प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घेतो. त्यानंतर एकही फवारणी करायची नाही, अवकाळी पाऊस आला तरी. पाऊस आला आणि फवारणी करावीच लागली तर नमुना पुन्हा द्यावा. जुन्या अहवालावर माल काढणं म्हणजे चोरी पकडली जाण्याची वाट पाहणं. सदोष प्लॉटची अंतर्गत सूचना निघते आणि तो प्लॉट युरोपसाठी बंद होतो. कालांतराने फेरनमुना स्वच्छ आला तर पुन्हा उघडतो.

न मारलेलं औषध सापडलं, ही तक्रार दर हंगामात येते. शोध घ्यायच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत आधी 'जैविक', 'वनस्पतीजन्य', 'टॉनिक' म्हणून घेतलेल्या बाटल्या. त्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं निघणं नवीन नाही. लेबलवर घटकाचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसलेली वस्तू निर्यातीच्या बागेत आणूच नये. मग शेजारचं टोमॅटो किंवा कांद्याचं शेत आणि वाऱ्याची दिशा. मग फवारणी यंत्राची टाकी, गाळण्या आणि नळ्या; ०.०१ साठी टाकीच्या तळाशी उरलेलं पाव लिटर पुरतं. चौथी शक्यता रसायनशास्त्राची. एका घटकाचं विघटन होऊन दुसरा तयार होतो. थायोफेनेट मिथाइल मारलं तर अहवालात कार्बेन्डाझिम दिसतं, थायमेथोक्झाम मारलं तर क्लोथियानिडिन. बागायतदार शपथेवर सांगतो की हे औषध आणलंच नाही, आणि तो खरं बोलत असतो.

पॅकहाऊसमध्येही दोन सापळे आहेत. ओटे आणि क्रेट धुवायच्या जंतुनाशकांत बऱ्याचदा चतुर्थक अमोनियम संयुगं असतात. युरोप त्यांना अवशेष मानतो आणि मर्यादा ०.१ आहे. धुतल्यावर साध्या पाण्याने विसळणं हा पाच मिनिटांचा उपाय, आणि नेमका तोच घाईत राहतो. दुसरा सापळा पेटीत कुज टाळण्यासाठी ठेवलेला सल्फर डायऑक्साइडचा पॅड. द्राक्षात मर्यादा १० मिलिग्रॅम प्रतिकिलो. पूर्वशीतन (भरण्याआधी माल थंड करणं) नीट झालं नाही, घड ओला राहिला, की पॅडमधून वायू एकदम सुटतो. मणी पांढरे पडतात आणि मर्यादाही ओलांडते. सांगायचं कारण एवढंच की थंडीतली चूक अवशेषाच्या रूपात अहवालात येते.

दोन प्रतींचा माल का निघत नाही

कोणी म्हणेल, युरोपसाठी एक प्लॉट ठेवा, बाकी दुबई, रशिया, बांगलादेशला द्या. काही जण देतातही. पण औषध ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निवडायचं असतं आणि बाजार फेब्रुवारीत ठरतो. फेब्रुवारीत युरोपचा भाव चढला तर ऑक्टोबरची फवारणी मागे घेता येत नाही. म्हणून ज्याला युरोपचा पर्याय उघडा ठेवायचा आहे, तो सगळी बाग युरोपच्या नियमाने चालवतो. तोच माल मग आखातात आणि पुण्या-मुंबईतही जातो.

कायद्याच्या अभ्यासक अनु ब्रॅडफर्ड यांनी २०१२ मध्ये या प्रकाराला 'ब्रसेल्स इफेक्ट' हे नाव दिलं. मोठी बाजारपेठ, कडक नियम, ते राबवण्याची यंत्रणा आणि बाजारपरत्वे माल वेगळा करणं उत्पादकाला न परवडणं, या गोष्टी जुळल्या की एका गटाचा नियम न सांगता जगाचा होतो. द्राक्षात शेवटची अट वेलीच्या निसर्गानेच पूर्ण केली आहे. जिथे माल सहज वेगळा करता येतो, तिथे हा परिणाम थबकतो. पहिल्या दिवसापासून फक्त बांगलादेशसाठी ठेवलेल्या बागेत युरोपची यादी कोणी उघडत नाही.

सगळं श्रेय युरोपला देण्याचंही कारण नाही. सरसकट ०.०१ ची कल्पना जपानने २००६ मध्येच अमलात आणली होती, दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये सर्व पिकांना लावली. मात्र जपानला जाणारं आपलं द्राक्ष नगण्य आणि युरोपला जाणारं भरपूर, म्हणून नाव युरोपचं.

हापूसची गोष्ट वरवर अशीच दिसते, पण तिथला कायदा वेगळ्या जातीचा आहे. १ मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंबा आणि वांगी, कारली, पडवळ, अळू यांवर बंदी घातली, ती फळमाशी आणि इतर किडींमुळे. वनस्पती-आरोग्याच्या नियमात 'मर्यादा' हा प्रकारच नसतो. एक जिवंत अळी सापडली की खेप गेली. त्यामुळे तिथे उपाय शेतात कमी आणि प्रक्रियेत जास्त होता: ४८ अंश तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवण आणि तपासणीची शिस्त. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. हंगामाच्या ऐन तोंडावर लागलेल्या त्या एका निर्णयाने उष्णजल प्रक्रियेच्या सुविधा उभ्या राहण्याचा वेग मात्र कितीतरी वाढला.

कारखानदारीत हीच वाट आता कार्बन सीमा समायोजनाने, म्हणजे आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर सीमेवर लावलेल्या आकाराने, धरली आहे. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं यांच्या आयातीला जानेवारी २०२६ पासून तो पूर्णपणे लागू झाला. कायद्याने बांधलेला पुन्हा आयातदारच. प्रमाणपत्रं त्याने विकत घ्यायची. पण एक टन मालामागे किती उत्सर्जन झालं हा आकडा पुण्याच्या किंवा जालन्याच्या कारखान्याने द्यायचा. नाही दिला तर ठरलेलं, बहुधा चढं, प्रमाण धरलं जातं आणि फरक भावातून कापला जातो. फवारणी-वहीच्या जागी वीजबिल आणि कोळशाची नोंद आली, एवढंच.

नियम बदलतात तेव्हा

मर्यादा एका रात्रीत बदलत नाही. आधी युरोपमध्ये त्या घटकाची मान्यता संपते, मग मर्यादा कमी करण्याचा मसुदा जागतिक व्यापार संघटनेला कळवला जातो, हरकतींसाठी साधारण ६० दिवस मिळतात, सदस्य देशांच्या समितीत मतदान होतं, राजपत्रात येतं आणि बहुधा काही महिन्यांनी लागू होतं. क्लोरपायरिफॉसची मान्यता जानेवारी २०२० मध्ये गेली आणि मर्यादा नोव्हेंबर २०२० पासून ०.०१ झाली. म्हणजे मान्यता गेल्याची बातमी वाचून लगेच सावध होणाऱ्याला दहा महिने मिळाले. नवी मर्यादा लागू झाल्याची बातमी वाचून जागा झालेल्याला एकही महिना मिळाला नाही, कारण तोवर फळछाटणी उरकली होती.

मर्यादा परत वाढवून मिळवण्याचा कायदेशीर मार्ग आहे, त्याला आयात-सहनमर्यादा म्हणतात. अर्ज एका सदस्य देशाकडे जातो, पार्मा इथली युरोपीय अन्न सुरक्षा संस्था मत देते. मोठ्या पिकासाठी साधारण आठ ठिकाणचे अवशेष-प्रयोग लागतात आणि काही वर्षं जातात. पेटंटमधल्या नव्या औषधासाठी कंपनी हा खर्च करते. पेटंट संपलेल्या, दहा कंपन्या बनवत असलेल्या स्वस्त औषधासाठी कोणीच करत नाही. म्हणून स्वस्त औषधं एकेक करून यादीबाहेर जातात आणि फवारणीचा खर्च वाढत जातो. युरोपात बंदी असलेली काही कीटकनाशकं युरोपातल्याच कारखान्यांत बनून बाहेर विकली जातात, ही विसंगतीही इथे नोंदवायला हवी.

ताजा आणि वेगळा प्रकार थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिनचा. नियमन २०२३/३३४ ने यांच्या मर्यादा मोजता येणाऱ्या किमान पातळीवर आणल्या, ७ मार्च २०२६ पासून. कारण ग्राहकाचं आरोग्य नाही, तर मधमाश्यांचं, आणि त्याही युरोपाबाहेरच्या. पर्यावरणाच्या कारणासाठी आयातीची मर्यादा उतरवण्याचं हे पहिलं उदाहरण.

यातला तारखेचा तपशील वाचण्यासारखा आहे. ७ मार्चच्या आधी युरोपात आयात झालेल्या मालाला जुनी मर्यादा, नंतरच्याला नवी. काढणीची तारीख इथे चालत नाही. एकाच प्लॉटचे दोन कंटेनर, एक जानेवारीअखेर निघालेला आणि दुसरा त्यानंतर तीन आठवड्यांनी, दोन वेगळ्या मर्यादांखाली येतात. प्रत्येक बदलाच्या नियमनात शेवटी एक छोटं कलम असतं, जुन्या मालाला सूट आहे की नाही आणि कोणत्या तारखेपासून हे सांगणारं. ग्राहकाच्या आरोग्याचा धोका हे कारण असेल तर ही सूट बहुधा नसते. फळछाटणीच्या आधी ते कलम वाचून, जहाज आफ्रिकेला वळसा घालणार असेल तर त्याचे जादा दिवस धरून, मग पिठ्या ढेकूण या किडीसाठी जमिनीतून काय द्यायचं ते ठरवा.